घराभोंवतालचीं शोभेचीं गवतें : उन्हाची जागा व सावलीची जागा

गवत म्हटलें कीं शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढें दोनच गोष्टी उभ्या राहतात : एक गुरांची वैरण, आणि दुसरी भातखाचरांतील बेणणी. पहिली हवी असते, दुसरी नको असते. शोभेकरितां गवत लावणें हें शहरांतील धनिकांचें खूळ, अशीच आपली सर्वसाधारण समजूत आहे. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांचें रूप फार पालटलें आहे. नेरळपासून कशेळ्यापर्यंत आणि चौकापासून खोपोलीपर्यंत रस्त्यांच्या दोहों बाजूंस मुंबईकरांचीं बागेचीं घरें उठलीं आहेत. शेतकऱ्यांनींहि जुनीं कौलारू घरें सोडून वरकस जमिनीवर पक्कीं घरें बांधलीं. घरासाठीं टेकडीची कूस कापली जाते, मुरूम उघडा पडतो, आणि मृगाच्या पहिल्या सरींतच तो मुरूम वाहून खालच्या खाचरांत जाऊन बसतो. त्यामुळें घराभोंवतीं कोणतें गवत लावावें हा प्रश्न आतां केवळ डोळ्यांच्या सुखाचा राहिलेला नाहीं. तो खालच्या खाचराचा, विहिरीच्या पाण्याचा आणि गोठ्यांतील वैरणीचाहि प्रश्न झाला आहे. म्हणून त्याविषयीं चार गोष्टी येथें मांडीत आहों.

आमची सारी नोकरी महसुलाच्या दप्तरांत गेली. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या (१ जानेवारी १९८१ पासून रायगड) जमाबंदींत जमिनीचे ठळक वर्ग तीन : भात, बागायत व वरकस. त्यांत वरकसाचा आकार सर्वांत हलका. तीवर नाचणी, वरी पिकावयाची, राबासाठीं कवळ तोडावयाचा आणि उरलेल्या जागेंत गवत वाढावयाचें. सातबाऱ्यावर 'गवतपड' हा शब्द लिहितांना कारकुनाच्या मनांत त्या जमिनीविषयीं आदर नसतो, हें खरें. पण नीट पाहिलें तर आपला सारा संसारच गवतावर उभा आहे. भात हें गवत, नाचणी व वरी हीं गवतें, ऊस हें गवत, आणि कुंपणाचा बांबूहि गवतच. कर्जतचें भात संशोधन केंद्र १९१९ पासून एका गवताचीच सेवा करीत आलें आहे. बांबूची गोष्ट तर मोठी मौजेची. वनस्पतिशास्त्रानें त्यास गवत म्हटलें, तरी १९२७ च्या भारतीय वन अधिनियमांत 'झाड' या शब्दाच्या व्याख्येंत त्याची गणना होती, आणि त्यामुळें स्वतःच्या मालकींतील बांबूची तोड व वाहतूक करतांनाहि शेतकऱ्यास परवान्यांची यातायात पडे. २०१७ सालीं ती व्याख्या दुरुस्त झाली आणि कायद्यालाहि बांबू झाड नव्हे हें मान्य झालें.

जागेची परीक्षा

रोपवाटिकेंत जाऊन डोळ्यांस भरलें तें गवत उचलून आणणें, ही या कामांतली सर्वांत वाईट रीत होय. आधीं जागा पाहावी, मग गवत. जागा पाहणें म्हणजे तीन गोष्टी पाहणें : ऊन किती, पाणी किती आणि उतार किती.

उन्हाची मोजणी सोपी आहे. अंगणांत ठिकठिकाणीं खुंट्या ठोकाव्या आणि सकाळीं आठपासून सायंकाळीं पांचपर्यंत दर तासास कोणती खुंटी उन्हांत आहे व कोणती सावलींत, हें कागदावर टिपावें. सहा तासांहून अधिक ऊन मिळतें ती उन्हाची जागा; तीन ते सहा तास मिळतें ती अर्ध्या सावलीची; आणि तीन तासांहून कमी ती दाट सावलीची. ही मोजणी एकदां हिवाळ्यांत व एकदां उन्हाळ्यांत करावी, कारण आपल्याकडे सूर्य जागा बदलतो. कर्जतच्या अक्षांशावर मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस, असा वर्षांतून दोनदां सूर्य मध्यान्हीं बरोबर डोक्यावर येतो. त्या दोन दिवसांच्या दरम्यान तो किंचित् उत्तरेकडे असतो, आणि घराच्या उत्तरेच्या भिंतीसहि ऊन लागतें. उलट डिसेंबरांत तो दक्षिणेस इतका कलतो कीं, १० फूट उंचीच्या भिंतीची मध्यान्हींची सावली उत्तरेस सुमारें ९ फूट लांब पडते. म्हणून मे महिन्यांत 'उन्हाची' वाटलेली उत्तरेकडील जागा पौषांत पूर्ण सावलीची निघते. घराच्या दक्षिणेची व पश्चिमेची जागा मात्र बारमास तापते.

झाडाखालची सावली ही भिंतीच्या सावलीहून निराळी. आंबा, फणस व जांभूळ यांची सावली बाराहि महिने असते. सागाचें तसें नाहीं. साग पावसाळ्यांत मोठमोठ्या पानांनीं आभाळ झांकून टाकतो आणि उन्हाळ्यांत उघडाबोडका होतो. गवताची वाढ पावसाळ्यांत व्हावयाची, तेव्हां वर साग दाट. आणि जमिनींत ओल नाहीं तेव्हां वर रणरणतें ऊन. सागाखालीं गवत नीट कां धरत नाहीं याचें हें एक मोठें कारण आहे. शिवाय सागाच्या रुंद पानांवर पाऊस सांचून मोठ्या टपोऱ्या थेंबांनीं खालीं पडतो आणि उघडी माती उडवितो. अशा जागीं पालापाचोळा झाडून नेणें म्हणजे आपल्याच हातानें माती नदींत लोटणें होय.

आतां उन्हाचा व गवताचा संबंध काय, हें थोडक्यांत सांगतों. पानांत अन्न तयार करण्याच्या वनस्पतींच्या मुख्य रीती दोन. ज्वारी, मका, ऊस, हरळी, वाळा, गवती चहा हीं पहिल्या रीतीचीं. तीं कडक उन्हांत व उष्ण्यांत झपाट्यानें वाढतात, पण सावलींत उपाशी राहतात. भात, बांबू आणि रानांतील झाडांखालचीं बरींच गवतें दुसऱ्या रीतीचीं. त्यांतील रानगवतांस मंद उजेडहि पुरतो. हा नियम ढोबळ आहे. भात दुसऱ्या रीतीचा असूनहि त्यास ऊन लागतेंच, आणि पहिल्या रीतीचीं गिनी गवतासारखीं कांहीं गवतें सावली बरीच सोसतात. तरीपण उन्हाचें गवत आंब्याखालीं लावून त्यावर पाणी व खत ओतणें फुकट कां जातें, हें यावरून ध्यानांत येईल. उजेडाची उणीव खतानें भरून निघत नाहीं.

उन्हाच्या जागेसाठीं

पहिला मान हरळीचा. शेतांत हिच्यासारखी वैरीण नाहीं, पण अंगणांत हिच्यासारखी सोबतीण नाहीं. हिचेच कोंवळे शेंडे म्हणजे दूर्वा. खालापूर तालुक्यांत महड येथें वरदविनायकाचें स्थान आहे आणि आपल्याकडे घरोघर गणपति बसतात. असें असतां भाद्रपदांत दूर्वांची जुडी विकत आणण्याची पाळी ज्याच्या घरीं चार हात अंगण आहे त्याजवर येऊं नये. हिरवळीसाठीं रोपवाटिकांत विकतात त्यांतील 'सिलेक्शन वन' हें हरळीच्याच जातीचें होय. 'मेक्सिकन' व 'कोरियन' या नांवांनीं मिळतात तीं गवतें निराळ्या जातींचीं. तीं गादीसारखीं दाट होतात, हळूं पसरतात आणि त्यांस पैसाहि अधिक लागतो.

हरळीची हिरवळ करावयाची झाल्यास जागा एप्रिलांत एक फूट खणून मे महिनाभर उन्हांत तापूं द्यावी आणि लव्हाळ्याच्या गांठी हातानें वेंचून काढाव्या. लव्हाळ्याची एक गांठ राहिली तर पुढील सालीं शंभर होतात. मग कुजलेलें शेणखत मिसळून, दर दहा फुटांस एक-दोन इंच असा घरापासून दूर जाणारा उतार ठेवून जागा सपाट करावी, आणि पाऊस लागतांच हरळीचे मुळ्या असलेले तुकडे तीन-चार इंचांच्या अंतरानें टोंचावे. श्रावणापर्यंत जमीन झांकून जाते.

यापुढची गोष्ट पाण्याची. हजार चौरस फुटांच्या हिरवळीवर एक इंच पाणी द्यावयाचें म्हणजे सुमारें २,३६० लिटर पाणी लागतें. उन्हाळ्यांत हिरवळ हिरवी ठेवावयाची तर आठवड्यास निदान इतकें तरी पाहिजे. आपल्या मुलखांत सालीना तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीहि वैशाखांत कित्येक वाड्यांवरील बायांना हंडाभर पाण्यासाठीं कोस कोस जावें लागतें. अशा स्थितींत शेजारची वाडी तहानलेली असतां अंगणांतील गवत पाजणें हें शेतकऱ्याच्या घरास शोभत नाहीं. आणि त्याची गरजहि नाहीं. हरळी उन्हाळ्यांत वाळते, पण मरत नाहीं. वळवाचा एक शिडकावा होतांच पुन्हा हिरवी होते. चैत्र-वैशाखांत अंगण पिवळें दिसलें तर तें दोष समजूं नये. तो या देशच्या गवताचा स्वभाव आहे.

उन्हाच्या जागेसाठीं दुसरें गवत गवती चहा. ह्याचीं लांब, निळसर हिरवीं, कमानीसारखीं वळलेलीं पानें कोणत्याहि परदेशी शोभेच्या गवतापेक्षां कमी नाहींत, आणि पावसाळ्यांत सर्दीपडशावर काढ्यास तीं घरांतच मिळतात. जुन्या ठोंबाचे फुटवे अलग करून दोन दोन फुटांवर लावावे. पाणी सांचूं देऊं नये. कापणी जमिनीपासून चार-पांच इंच ठेवून करावी, आणि चार-पांच वर्षांनीं ठोंब जुना होऊन मधून पोकळ पडूं लागला कीं उपटून नवे फुटवे लावावे. अर्धें ऊन मिळालें तरी हें जगतें. मात्र वास मंद होतो.

आपल्या डोंगरांवरील कुसळी गवताचीहि आश्विन-कार्तिकांतील शोभा विशेष आहे. सकाळच्या उन्हांत तांबूस-सोनेरी झालेली टेकडी ज्यानें पाहिली, त्यास तिचें महत्त्व सांगावयास नको. परंतु कुसळी घराजवळ लावण्याजोगी नव्हे. तिचीं कुसळें कपड्यांत शिरतात आणि गुरांच्या तोंडास इजा करतात. ती वरकसाच्या माथ्यावरच राहूं द्यावी आणि वैरणीस हवी असल्यास कुसळें धरण्यापूर्वीं कापावी.

अर्ध्या सावलीसाठीं

पडवीच्या पूर्वेस, नारळीच्या वाफ्यांत किंवा शेवग्यासारख्या विरळ झाडाखालीं अर्धी सावली असते. येथें हरळी लांबट व विरळ होते, आणि तिच्या जागीं रुंद पानांचें कार्पेट गवत चांगलें धरतें. हें मूळचें अमेरिकेच्या उष्ण भागांतील. पानें रुंद, रंग फिकट हिरवा, पसरण्यास जलद. ओल त्यास हवी असते, म्हणून आपला पावसाळा त्यास मानवतो. उन्हाळ्यांत मात्र हरळीपेक्षां लवकर करपतें. फार पायदळीं तुडविलें तर तुटतें.

ज्यांस शोभेबरोबर वैरण पाहिजे त्यांनीं नारळीखालीं गिनी गवत लावण्यास हरकत नाहीं. तें आफ्रिकेंतील असून सावली सोसणाऱ्या वैरणीच्या गवतांत त्याची गणना होते. परंतु तें पुरुषभर उंच होतें व त्याचें बीं उडून पसरतें. म्हणून फुलोरा येण्यापूर्वीं कापीत जावें. संकरित नेपिअर, 'फुले जयवंत' वगैरे जाती वैरणीस उत्तम, पण त्यांस ऊन व पाणी दोन्ही भरपूर लागतात. त्या गोठ्यामागील सांडपाण्यावर लावाव्या, अंगणांत नव्हे.

बांबूचा उपयोग आडोशास होतो. पिवळ्या दांड्यावर हिरव्या रेघा असलेला शोभेचा बांबू अर्ध्या सावलींतहि बरा वाढतो. बेट घराच्या पायापासून, गटारापासून व विहिरीच्या कठड्यापासून वीस फूट तरी दूर असावें. कळक लावावयाचा तर त्याचे कांटे ध्यानांत ठेवून गुरांच्या वाटेपासून बाजूस लावावा. बांबूस अनेक वर्षांनीं एकदां फुलोरा येतो आणि मग बेटेंच्या बेटें एकदम वाळतात, हेंहि विसरूं नये.

येथें गवत नसलेल्या, पण गवतासारख्या दिसणाऱ्या एका रानभाजीची शिफारस करतों. मृग लागला कीं कर्जत व नेरळच्या बाजारांत ठाकूर व कातकरी भगिनी फोडशीच्या जुड्या घेऊन बसतात. कोणी हिला कुलीची भाजी म्हणतात. हिचीं पानें थेट गवताच्या पात्यासारखीं, आणि पुढें नाजूक पांढरीं फुलें येतात. डोंगराच्या उतारावर, विरळ सावलींत ही आपोआप उगवते, हिवाळ्यांत दिसेनाशी होते आणि जमिनींतील मुळांवर पुढील मृगापर्यंत निजून राहते. अंगणाच्या कडेला हिचे दोन-चार कंद लावले तर शोभाहि होते आणि भाजीहि. मात्र सर्व पानें एकाच वेळीं खुडूं नयेत, नाहीं तर कंद खंगतो. आणि रानांतून कंद ओरबाडून आणूं नयेत, कारण ज्यांची चूल त्या भाजीवर चालते त्यांचा हक्क आधीं आहे.

दाट सावलीसाठीं

येथें स्पष्ट सांगावयास पाहिजे कीं, डेरेदार आंब्याखालीं किंवा दोन भिंतींच्या बोळांत हिरवळ होत नाहीं. जो कोणी होते म्हणून सांगेल तो दरसाल नवी हिरवळ विकणारा असला पाहिजे. माथेरानच्या झाडींत खालीं पाहत चाललें तर सावलींत राहणारें एक सरपटतें गवत दिसतें. त्याचीं पानें आंखूड, रुंद व कडेला लाटा उठलेलीं असतात, आणि पावसाळ्याच्या शेवटीं त्याचें चिकट बीं धोतरास व पायांस चिकटतें. तेंच गवत आपल्या जुन्या आमरायांतूनहि आपोआप येतें. आलें तर त्यास बेणूं नये. तें मातीवर पांघरूण घालतें आणि आंब्याच्या मुळांशीं स्पर्धा फारशी करीत नाहीं.

रोपवाटिकांत 'मोंडो ग्रास' या नांवानें जें गर्द हिरवें, बारीक पानांचें रोप मिळतें तें खरें गवत नव्हे, शतावरीच्या नात्यांतील वनस्पति आहे. सावलींतील पायवाटेच्या कडेस लावण्यास तें चांगलें. वाढ फार सावकाश, म्हणून एकदम मोठ्या जागेचा हव्यास धरूं नये. याखेरीज दाट सावलींत हळद, आंबेहळद किंवा सुरण लावावा, आणि उरलेल्या जागेवर पालापाचोळा तसाच राहूं द्यावा. झाडाखालीं पाचोळा म्हणजे घाण, ही समजूत शहरांतून आलेली आहे; झाडाच्या दृष्टीनें तेंच त्याचें अन्न.

ओलीच्या जागेसाठीं

न्हाणीच्या सांडपाण्याची जागा, विहिरीचा थारोळा व पऱ्ह्याची कड येथें ओलीचीं गवतें लावावीं. ऊन असेल तर कसई लावण्याजोगी आहे. हिच्या गुळगुळीत, राखी-पांढऱ्या टणक मण्यांना आपोआप भोंक असतें, आणि मुली त्यांच्या माळा ओंवतात. सावली असेल तर वेखंड लावावें. त्याचीं तलवारीसारखीं पानें दिसतात सुंदर आणि कंद औषधी असतो. छत्रीच्या आकाराचा शोभेचा लव्हाळाहि अशा जागीं जोमानें होतो. बोरूचें गवत मात्र जपून लावावें. आमच्या आधींच्या कारकुनांनीं बोरूनेंच दप्तरें लिहिलीं, त्यामुळें त्याविषयीं आम्हांस ममता आहे. पण पाटाच्या कडेस एकदां तें रुजलें कीं चार वर्षांत पाट बुजवितें.

उताराच्या जागेसाठीं

येथें वाळ्याखेरीज दुसऱ्याचें नांव घेण्याचें कारण नाहीं. उन्हाळ्यांत माठाच्या पाण्यांत टाकण्यास व खिडकीच्या पडद्यांस जो वाळा लागतो तोच हा. कर्नाटकांत म्हैसूरकडील गुंडलूपेट भागांत शेतकरी पिढ्यान् पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळ्याच्या ओळी लावीत आले आहेत. १९८० नंतर जागतिक बँकेच्या शेतकी तज्ज्ञांनीं भारतांत माती धरून ठेवण्यासाठीं ह्याचा पुरस्कार केला, आणि आज जगांतील अनेक उष्ण देशांत रस्त्यांच्या कडा व धरणांचे उतार ह्यानें बांधले जातात. कारण ह्याचीं मुळें आडवीं पसरत नाहींत, सरळ खालीं जातात, आणि चांगल्या जमिनींत सहा-सात फुटांहूनहि खोल उतरतात. त्यामुळें शेजारच्या पिकाचें अन्न तें फारसें खात नाहीं, आणि दाट बुंध्यांच्या भिंतीमागें वाहून आलेली माती अडते. लागवडीच्या जातींस उगवतें बीं जवळजवळ धरत नाहीं, म्हणून तो शेतांत शिरत नाहीं.

लावण्याची रीत अशी. पाऊस सुरू होतांच ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचीं रोपें करावीं. पानें आठ इंचांवर व मुळें तीन-चार इंचांवर छाटावीं. उताराला आडवी, समपातळीची रेघ आंखून तीवर चार ते सहा इंचांच्या अंतरानें रोपें लावावीं. मध्यें खंड राहतां कामा नये; एका खिंडारांतून सारें पाणी धांवतें व ओळ निरुपयोगी होते. उभ्या कापलेल्या कुशीवर दर तीन फूट उंचीस एक ओळ घ्यावी. पहिल्या सालीं मेलेलीं रोपें भरावीं. पुढें वर्षांतून एक-दोनदां दीड फुटावर कापावें. कोंवळीं पानें गुरें खातात. वाळ्यास पूर्ण ऊन पाहिजे. झाडाच्या सावलींत ओळ विरळ पडते.

येथें एक इशारा. मुळांस किंमत येते म्हणून बांधावरील वाळा खणूं नये. मुळें खणलीं कीं बांध गेला. मुळें विकावयाचीं तर वाळा निराळ्या वाफ्यांत लावावा व दीड वर्षानें खणावा.

दुसरा इशारा याहून गंभीर. २०२३ सालच्या १९ जुलैच्या रात्रीं आपल्या खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर दरड कोसळून वाडी गाडली गेली व अनेक जीव गेले. अशी दरड गवतानें थांबते असें कोणीं समजूं नये. वाळा पृष्ठभागाची माती धरतो; सारा डोंगरच ओल पिऊन खोलवरून सुटला तर त्याचें कांहीं चालत नाहीं. जेथें जमिनीस चिरा पडल्या, झाडें कलंडलीं किंवा नवे झरे फुटले, तेथें गवत लावीत बसूं नये. माणसें हलवावीं व तहसिलीस कळवावें. मात्र घरापुरती पांच-सहा फूट कापलेली कूस, रस्त्याची कड किंवा खाचराचा बांध धरण्यास वाळा पुरेसा आहे. मुळें जमिनींत राहूं देण्याची किंमत आपल्या भागास नवी नाहीं. नेरळजवळील सगुणा बागेंतून जी 'सगुणा राईस टेक्निक' पसरली, तींतहि नांगरट न करतां मागील पिकाचीं मुळें जमिनींतच ठेवण्यावर सारी भिस्त आहे.

चार धोके

पहिला धोका विदेशी तुऱ्यांच्या गवतांचा. कारंज्यासारखे जांभळट तुरे येणारें आफ्रिकेंतील एक गवत बागांतून बरेंच दिसतें. त्याची जांभळ्या पानांची जात बहुधा बीं धरत नाहीं. पण हिरव्या पानांच्या मूळ जातीनें हवाई बेटांसारख्या ठिकाणीं रानेंच्या रानें बळकावलीं व वणवे वाढविले आहेत. वाऱ्यावर बीं उडणारें परदेशी गवत वरकसाजवळ लावूं नये.

दुसरा धोका विकतच्या मातीचा. हिरवळीचे तयार गालिचे मातीसकट येतात आणि त्यांबरोबर लव्हाळा व गाजर गवत येतें. गाजर गवत हें नांवाचेंच गवत. १९५० नंतरच्या दशकांत पुण्यास त्याची नोंद झाली आणि बघतां बघतां तें देशभर पसरलें. हा धडा पुरेसा आहे.

तिसरा धोका आगीचा. उंच गवत माघापासून वाळूं लागतें. घर, गोठा व पेंढ्याची उडवी यांभोंवतीं दहा-पंधरा फूट जागा दिवाळीनंतर कापून साफ ठेवावी. वणवा आला तर तेवढीच जागा घर वांचविते.

चौथा धोका सर्पांचा. दाट ठोंबांत उंदीर शिरतात व त्यांच्यामागें घोणस येते. फुरसेंहि आपल्या मुलखांत आहे. म्हणून वाळा, गवती चहा किंवा बांबू दाराशीं, न्हाणीच्या वाटेवर वा मुलें खेळतात तेथें लावूं नयेत. दाराशीं आंखूड हरळीच बरी.

गोषवारा

दप्तराच्या संवयीस अनुसरून शेवटीं गोषवारा देतों.

सपाट व पूर्ण ऊन : हरळी, कडेस गवती चहा.
उतार व पूर्ण ऊन : वाळा.
अर्धी सावली : कार्पेट गवत, शोभेचा बांबू, फोडशी, वैरणीस गिनी गवत.
दाट सावली : आपोआप येणारें रानगवत, मोंडो, हळद, नाहीं तर नुसता पाचोळा.
ओल व ऊन : कसई. ओल व सावली : वेखंड.

यांतील बहुतेक गवतांस पैसा लागत नाहीं. शेजाऱ्याच्या ठोंबाचा एक फुटवा पुरतो. ज्यांच्याजवळ पाण्याच्या कडेची एक-दोन गुंठे जागा आहे त्यांनीं वाळा व गवती चहा यांचे वाफे करून ठेवावे; बागेच्या घरांस हीं रोपें आज दूरच्या रोपवाटिकांतून आणावीं लागतात, तीं आपल्या शेतकऱ्यानें कां देऊं नयेत ? येत्या मृगापूर्वीं प्रत्येकानें आपल्या घराभोंवतीं एकदां खुंट्या ठोकून ऊन मोजावें, आणि जेथें मुरूम उघडा पडला असेल तेथें वाळ्याची एक तरी ओळ लावावी. घरावरची माती घरापाशींच राहिली तर खालचें खाचर पुढच्या पिढीस आजच्याइतकेंच पिकेल.